व्हीएस कोडमध्ये पायथॉनचा कोड फिका पडलाय? कारण वरच्या ओळीत शोधा

"दादा, माझ्या कोडचा रंगच उडालाय" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. गेल्या आठवड्यात रावेरकडच्या एका पोराने पाठवला. घरी केळीचा व्यवहार आहे, काटा पावत्यांचा हिशोब ठेवायला त्याने स्वतःच पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहायला घेतलाय, आणि त्यातल्या खालच्या दहाबारा ओळी एकदम राखाडी, पुसट दिसायला लागल्या. लाल रेघ नाही, पिवळी रेघ नाही, प्रोग्राम चालतोय पण त्या ओळी काही करतच नाहीत. त्याने थीम बदलून बघितली, ज्यात कोड लिहितो तो व्हीएस कोड हा एडिटर काढून परत टाकला, शेवटी त्या ओळी पुसून नव्याने टाइप केल्या तर त्याही टाइप करता करताच फिक्या पडल्या. दोन संध्याकाळी गेल्या त्याच्या यात. चूक होती त्या ओळींच्या वर, एका रिटर्नमध्ये.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता घरी बसून पायथॉन शिकतात, शेजारी विचारायला कोणी नसतं, आणि हा फिका रंग काही न बोलता तसाच पडून राहतो त्यामुळे तो नेमका काय सांगतोय हे कळत नाही.

आधी एक सांगतो, इथे कोड मी देवनागरीत लिहितोय, वाचायला सोपं जावं म्हणून. एडिटरमध्ये इफ, व्हाइल, रिटर्न हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत चालतात, "वजन" नावाचं व्हेरिएबल खरंच चालतं, करून बघा.

आता हा रंग उडवतं कोण? व्हीएस कोडला स्वतःला पायथॉन कळत नाही. पायथॉनचं एक्स्टेंशन टाकलं की सोबत पायलान्स येतं, आणि पायलान्सच्या पोटात पायराईट नावाचं टूल आहे, दोन्ही मायक्रोसॉफ्टची. हे टूल तुमचा कोड चालवत नाही, फक्त वाचतं, आणि पहिल्या ओळीपासून निघालं तर कोणत्या ओळीपर्यंत पोचायला रस्ता आहे हे बघत जातं. जिथे पोचायला एकही रस्ता सापडत नाही ती ओळ फिकी करतं. माउस नेला की लिहून येतं, "कोड इज अनरीचेबल".

जळगाव स्टेशन डोळ्यासमोर आणा. भुसावळहून आलेली गाडी इथून दोन रस्त्यांना लागते, एक पाचोरा, चाळीसगाव, मनमाड करत मुंबईकडे आणि दुसरा धरणगाव, अमळनेर, नंदुरबार करत सुरतकडे. सुरतच्या गाडीत बसलात तर पाचोरा लागणारच नाही. पाचोरा स्टेशन जागच्या जागी आहे, तिथे काही बिघडलेलं नाही, तुमच्या गाडीचा रूळच तिकडे जात नाही. फिक्या ओळीचं असंच असतं. आणि पायलान्स फक्त रूळ बघतं, गाडीत कोण बसलंय ते बघत नाही. म्हणजे तुम्ही "इफ वजन > १००००००" असं लिहिलं, तर एका ट्रकमध्ये दहा लाख किलो केळी कधीच मावणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, पायलान्सला नाही, त्यामुळे ती ओळ काही फिकी होणार नाही. ओळ फिकी झाली याचा अर्थ वजनाचा आकडा काहीही आला तरी तिथे जायचा रूळच नाही.

बघायला सुरुवात करताना पहिलं काम, हा फिकेपणा नक्की कुठला ते ओळखा. कारण न वापरलेलं व्हेरिएबल आणि न वापरलेला इंपोर्ट हेही व्हीएस कोड असेच फिके दाखवतं. तिथे एखादंच नाव फिकं असतं, आणि माउस नेला की "इज नॉट ॲक्सेस्ड" असं येतं. ते वेगळं प्रकरण, हे नाव कुठेच वापरलं नाही एवढंच त्याचं म्हणणं असतं. आपल्याला हवंय ते पूर्ण ओळी किंवा पूर्ण ब्लॉक फिका होतो ते. आणखी एक खूण म्हणजे अनरीचेबल ओळीतल्या फंक्शनवर माउस नेला तर त्याची माहिती येत नाही, डॉट टाकल्यावर सजेशन येत नाही. पोरांना वाटतं एक्स्टेंशन बंद पडलं. बंद नाही पडलं, जिथे गाडीच जात नाही तिथली तपासणी ते करतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यामुळेच मोठा घोळ होतो.

दुसरं काम, आणि माझ्या मते खरं काम हेच आहे: फिक्या भागातली सगळ्यात वरची ओळ शोधा आणि तिच्या लगेच वरची, रंग शाबूत असलेली ओळ बघा. दहापैकी नऊ वेळा तीच ओळ कारण असते. फिक्या ओळी वाचत बसू नका, त्यात काही सापडणार नाही. त्या पोराने दोन दिवस फिक्या ओळींमध्येच शोधलं.

त्याचा कोड साधारण असा होता:

डेफ एकूण_बिल(पावत्या, भाव):
    एकूण = ०
    फॉर वजन इन पावत्या:
        रक्कम = वजन * भाव
        रिटर्न रक्कम
        एकूण = एकूण + रक्कम
        प्रिंट(वजन, रक्कम)
    रिटर्न एकूण

लूपमधल्या रिटर्नच्या खालच्या दोन ओळी फिक्या. रिटर्न आलं की फंक्शन संपलं, परत मागे वळणं नाही. त्याच्या डोक्यात रिटर्न म्हणजे "उत्तर दाखव" असं होतं, प्रिंटसारखं. ही गैरसमजूत फार जणांची असते आणि ती सोडवायला हा फिका रंग चांगला मास्तर आहे, रिटर्नच्या खाली त्याच रेषेत काहीही लिहिलं की लगेच फिकं पडतं. रिटर्न रक्कम ही ओळ काढली आणि काम झालं.

पण याच कोडचं एक भावंड आहे, त्याच्यापासून जास्त सांभाळायचं. समजा त्याने रिटर्न लूपमध्ये सगळ्यात शेवटी ठेवलं असतं:

    फॉर वजन इन पावत्या:
        रक्कम = वजन * भाव
        एकूण = एकूण + रक्कम
        रिटर्न एकूण
    प्रिंट("सगळ्या पावत्या झाल्या")

इथे एकही ओळ फिकी होत नाही! लूप एकदाच फिरतं, पहिल्याच पावतीचं बिल निघतं, बाकी सगळ्या पावत्या तशाच राहतात आणि एडिटर गप्प. कारण पावत्यांची लिस्ट रिकामी असू शकते, रिकामी असली तर लूप एकदाही फिरणार नाही आणि गाडी सरळ खालच्या प्रिंटपर्यंत जाईल, म्हणजे रूळ आहे. पायलान्स त्याच्या नियमाने बरोबर आहे. तेव्हा फिका रंग नाही म्हणजे कोड बरोबर असं धरून चालू नका, आणि लूपच्या आत रिटर्न दिसलं की दोन सेकंद थांबून इंडेंटेशन बघा, ते इथेच हवं होतं का एक पाऊल डावीकडे.

रिटर्नसारखेच रेझ, ब्रेक आणि कंटिन्यू. रेझने फंक्शनमधून बाहेर, ब्रेकने लूपमधून बाहेर, कंटिन्यूने लूपच्या पुढच्या फेरीला. यांच्या खाली त्याच ब्लॉकमध्ये जे काही असेल ते फिकं. यात फार सांगण्यासारखं नाही.

व्हाइल ट्रू मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टांमध्ये हटकून मेनू असतो आणि तो मेनू हटकून असा असतो:

व्हाइल ट्रू:
    पर्याय = इनपुट("१ नवीन पावती, २ यादी, ३ बाहेर: ")
    इफ पर्याय == "१":
        पावती_घे()
    एलिफ पर्याय == "२":
        यादी_दाखव()
    एलिफ पर्याय == "३":
        एक्झिट()

फाइलमध्ये_सेव्ह_कर()

शेवटची ओळ फिकी. पोरं म्हणतात फंक्शन तर वर लिहिलेलं आहे, मग फिकं का? फंक्शनचा काही संबंध नाही. व्हाइल ट्रू हे लूप आपण होऊन कधी संपत नाही, त्यातून खाली यायचा एकच साधा रस्ता म्हणजे ब्रेक, आणि इथे ब्रेक कुठेच नाही. एक्झिटने लूप नाही संपत, अख्खा प्रोग्रामच संपतो. म्हणजे दिवसभराच्या पावत्या टाकल्या, ३ दाबलं, प्रोग्राम बंद, आणि फाइलमध्ये काहीच नाही. प्रोग्राम एररही देत नाही, दुसऱ्या दिवशी उघडल्यावर कळतं की काल काही टिकलंच नाही. एक्झिटच्या जागी ब्रेक लिहिला की खालच्या ओळीचा रंग त्याच क्षणी परत येतो. असा रंग परत आला की समजायचं आपण बरोबर जागी हात घातला.

आणखी एक, ब्रेक लिहिलाय तरी खालचं फिकंच आहे असं असेल तर बघा तो ब्रेक कुठल्या लूपचा आहे. व्हाइल ट्रूच्या आत फॉर लूप असेल आणि ब्रेक त्या फॉरच्या आत असेल तर तो फक्त फॉर तोडतो, बाहेरचं व्हाइल तसंच फिरत राहतं. मी स्वतः एकदा नंदुरबारच्या मिरचीच्या भावांची यादी वाचणारी स्क्रिप्ट लिहिताना यात अडकलो होतो, आतला ब्रेक बाहेरच्या लूपचा समजून बसलो होतो, आणि त्या फिक्या ओळीनेच दाखवून दिलं.

आता जरा अवघड प्रकार, जिथे वरच्या ओळीत रिटर्न नाही, ब्रेक नाही, काहीच नाही. साधा एक फंक्शन कॉल आहे आणि त्याच्या खालचं सगळं फिकं. सिस डॉट एक्झिट असेल तर कारण उघड आहे. पण तुमचंच फंक्शन असेल तर? त्या फंक्शनच्या नावावर माउस न्या आणि बाणानंतर काय लिहिलंय बघा. "नोरिटर्न" असं दिसलं तर पायलान्सचं म्हणणं असं आहे की हे फंक्शन एकदा बोलावलं की तिथून परत येतच नाही.

हे त्याने कशावरून ठरवलं? तुम्ही रिटर्न टाइप लिहिला नसेल तर पायलान्स फंक्शनच्या आत जाऊन सगळे रस्ते बघतं, आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी रेझ असेल किंवा न संपणारं लूप असेल तर नोरिटर्न ठरवून टाकतं. हे बहुतेक वेळा अर्धवट लिहिलेल्या फंक्शनमुळे होतं. आज भाव_आण नावाचं फंक्शन लिहायचं राहिलं म्हणून आत तात्पुरतं रेझ एक्सेप्शन टाकून ठेवलं, आणि दुसऱ्या फाइलमध्ये जिथे जिथे भाव_आण बोलावलंय तिथून खालचं फिकं झालं. कारण एका फाइलमध्ये आणि फिका रंग दुसऱ्या फाइलमध्ये, त्यामुळे माणूस गोंधळतो. फंक्शन पूर्ण लिहिलं की प्रश्न मिटतो, किंवा तोपर्यंत डेफच्या ओळीत शेवटी बाण टाकून फ्लोट किंवा जे काही परत येणार असेल ते लिहून ठेवा, म्हणजे पायलान्स अंदाज न करता तुमचं ऐकतं. क्लासमधली मेथड मुद्दाम रिकामी ठेवायची असेल, पुढच्या क्लासने भरायची म्हणून, तर तिच्यावर ॲब्स्ट्रॅक्टमेथड हे डेकोरेटर लावा, मग आत रेझ असलं तरी तिला नोरिटर्न धरत नाही. आणि वरचा मेनू जर तुम्ही मेनू नावाच्या फंक्शनमध्ये टाकला असेल आणि आत एक्झिट तसंच असेल, तर मेनू() या कॉलच्या खालचं सगळं याच कारणाने फिकं होणार, तोच आजार फक्त एक पायरी लांब गेलेला.

कधीकधी दोष खरंच तुमचा नसतो, लायब्ररीसोबत आलेल्या टाइपच्या माहितीत असतो. नमपायच्या क्रॉस या फंक्शननंतरचा सगळा कोड फिका पडतो असं बऱ्याच जणांनी अनुभवलंय, कोड चालतो व्यवस्थित पण एडिटर म्हणतं पोचणार नाही. हे ओळखायचं सोपं आहे, खालच्या ओळीत एक प्रिंट टाका आणि चालवून बघा, छापलं गेलं तर रूळ आहे आणि एडिटरच चुकतंय. अशा वेळी लायब्ररी आणि पायलान्स दोन्ही अपडेट करा, नाही जमलं तर तो कॉल तुमच्या स्वतःच्या छोट्या फंक्शनमध्ये गुंडाळा आणि त्याचा रिटर्न टाइप स्वतः लिहा. हा प्रिंटचा उपाय कुठल्याही शंकेला चालतो, लाजायचं कारण नाही.

ट्राय एक्सेप्टबद्दल. फायनली ब्लॉक रिटर्ननंतरही चालतो, तो फिका होत नाही, ते बरोबर आहे. पण फायनलीच्या आत रिटर्न लिहू नका, आत आलेली एरर तो गिळून टाकतो, आणि पायथॉन ३.१४ पासून तर खुद्द पायथॉनच यावर सिंटॅक्स वॉर्निंग देतं. दुसरं म्हणजे एक्सेप्टचा क्रम. वर "एक्सेप्ट एक्सेप्शन" आणि खाली "एक्सेप्ट व्हॅल्यूएरर" असं लिहिलं तर खालच्यापर्यंत काही जाणारच नाही, व्हॅल्यूएरर हीसुद्धा एक्सेप्शनच आहे, वरच्यानेच पकडली. नेमकी एरर वर आणि सरसकट खाली, असा क्रम ठेवा. आपल्याकडे वजनाच्या रकान्यात कोणी "१२ क्विं" असं लिहून ठेवतं, फ्लोट करताना व्हॅल्यूएरर येते, आणि त्यासाठी खास लिहिलेला मेसेज कधी दिसतच नाही, तेव्हा हाच क्रम तपासायचा.

मॅच केसमध्ये, जे पायथॉन ३.१० मध्ये आलं, तिथे पायथॉन जास्त कडक आहे. अंडरस्कोरवाला केस मध्येच लिहिला आणि खाली आणखी केस असले तर प्रोग्राम सुरूच होत नाही, सरळ सिंटॅक्स एरर, खालचे पॅटर्न अनरीचेबल झाले म्हणून. बाकी बहुतेक ठिकाणी पायथॉन न पोचणाऱ्या कोडबद्दल गप्प बसतं, म्हणून तर एडिटर लागतं.

काही फिक्या ओळी मात्र अगदी बरोबर असतात आणि त्यांना हात लावायचा नाही. तुम्ही विंडोजवर बसलात आणि कोडमध्ये "इफ सिस डॉट प्लॅटफॉर्म == लिनक्स" असं आहे, तर आतला भाग तुमच्याकडे फिका दिसणार, लिनक्सवाल्याकडे रंगीत दिसणार. तसंच "सिस डॉट व्हर्जन_इन्फो >= (३, ११)" असेल तर वरच्या भागात टॉमललिब आणि एल्समध्ये टॉमली, हा प्रकार खूप लायब्ररींमध्ये असतो, एल्स फिका कारण तुमचं पायथॉन नवीन आहे. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे कुठलं पायथॉन निवडलंय ते दिसतं, तिथे जुनं व्हर्जन निवडलं तर फिका भाग अदलाबदल होतो. असा कोड मित्राच्या गिटहबवरून घेतला आणि "हा फालतू आहे, एडिटरच म्हणतंय" म्हणून पुसून टाकला तर त्याच्या मशीनवर बोंब होणार. प्लॅटफॉर्म डॉट सिस्टिम वापरलं तर असं फिकं होत नाही, कारण ते चालवल्याशिवाय उत्तर कळत नाही, तिथे दोन्ही भागांची तपासणी होते.

टाइप हिंटमुळे पडणारा फिकेपणा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे तुम्हीच एडिटरला एक सांगितलेलं असतं आणि कोड दुसरं करत असतो. उदाहरण बघा, कट्टी म्हणजे वजनातून कापायचा भाग:

डेफ कट्टी(वजन: फ्लोट):
    इफ वजन इज नन:
        प्रिंट("वजन टाकायचं राहिलं")
        रिटर्न ०
    रिटर्न वजन * ०.०२

इफच्या आतल्या ओळी फिक्या. वर तुम्ही लिहून दिलंत की वजन फ्लोट आहे, मग ते नन कसं असेल, म्हणून पायलान्सने तो रस्ता बंद केला. पण पायथॉन चालताना टाइप हिंट तपासत नाही, फाइलमधली जागा रिकामी असली आणि तुमच्या वाचणाऱ्या कोडने तिथे नन भरलं तर नन येणारच आणि तो फिका दिसणारा मेसेज छापलाही जाणार. म्हणजे इथे रूळ आहे, नकाशा चुकीचा आहे. अशा वेळी इफ पुसू नका. हिंट बदला, "फ्लोट | नन" असं लिहा, रंग परत येतो आणि वर बक्षीस म्हणून पायलान्स तुम्हाला बाकी जिथे जिथे नन तपासायचं राहिलं ती जागाही दाखवायला लागतं, टाइप चेकिंग मोड चालू असेल तर. तो मोड सेटिंगमध्ये पायलान्सकडे मुळात ऑफ असतो, बेसिक करून ठेवा, शिकणाऱ्याला बेसिक पुरतं. नवीन व्हर्जनमध्ये टाइपवरून ठरवलेला फिकेपणा दाखवायचा का नाही यासाठी वेगळी सेटिंगही आलीये, "इनेबल रीचेबिलिटी ॲनालिसिस" नावाची, त्यामुळे मित्राकडे फिकं आणि तुमच्याकडे रंगीत असं होऊ शकतं, घाबरू नका. रिटर्न, ब्रेकमुळे झालेला फिकेपणा मात्र ही सेटिंग काहीही असली तरी दिसतोच.

टाइप नेमका काय धरलाय हे बघायचं असेल तर फिका भाग सुरू व्हायच्या आधीच्या ओळीत रिव्हील_टाइप(वजन) लिहा, माउस नेला की कळतं. फिक्या भागात लिहून उपयोग नाही, तिथे उत्तर येत नाही. काम झालं की ती ओळ काढून टाका.

विथ ब्लॉकचाही एक बारीक प्रकार आहे. तुम्ही स्वतः लिहिलेल्या कॉन्टेक्स्ट मॅनेजरची, म्हणजे विथसोबत वापरायच्या क्लासची, एक्झिट मेथड (मागेपुढे दोन अंडरस्कोरवाली, वरचं प्रोग्राम बंद करणारं एक्झिट नव्हे) एरर गिळत असेल, म्हणजे ट्रू परत देत असेल, तर विथच्या आत रेझ झालं तरी खालचा कोड चालतो. पण हे पायलान्सला एक्झिटच्या रिटर्न टाइपवरूनच कळतं, तिथे बूल दिसलं तरच तो रस्ता उघडा धरतो. म्हणून त्या मेथडला बाण टाकून बूल लिहायला विसरू नका.

आता जिथून घोळ होतो म्हणालो होतो ते. फिका कोड म्हणजे मेलेला कोड, पडून राहिला तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं. त्या भागाची तपासणीच होत नसल्यामुळे तिथे स्पेलिंग चुकलं, नसलेलं फंक्शन बोलावलं, काहीही केलं तरी लाल रेघ येत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी वरचं रिटर्न काढतं आणि एकदम पंधरा चुका समोर येतात.

त्याहून वाईट म्हणजे काही वेळा न चालणारी ओळही फंक्शनचा स्वभाव बदलते. फंक्शनच्या बाहेर भाव = २००० आहे, फंक्शनच्या पहिल्या ओळीत प्रिंट(भाव), मग रिटर्न, आणि रिटर्नच्या खाली फिकी पडलेली जुनी ओळ भाव = १८००. चालवलं की पहिल्याच ओळीवर अनबाउंडलोकलएरर! कारण फंक्शनमध्ये कुठेही, पोचणार नाही अशा जागीसुद्धा, भावला किंमत दिली असेल तर पायथॉन त्या पूर्ण फंक्शनपुरतं भावला आतलं व्हेरिएबल धरतं. तसंच रिटर्नच्या खाली एक यील्ड राहून गेला तर अख्खं फंक्शन जनरेटर होतं, बोलावल्यावर आकड्याऐवजी जनरेटर ऑब्जेक्ट हातात येतो आणि आतली एकही ओळ चालत नाही. काही जण हे मुद्दाम करतात, रिकामा जनरेटर हवा असेल तर रिटर्नच्या खाली यील्ड लिहितात, तिथे ती फिकी ओळ पुसली तर कोड मोडतो. म्हणजे पुसण्याआधी वाचायचं, दरवेळी.

मग करायचं काय, तर माझी पद्धत सांगतो. फिकी ओळ दिसली की आधी विचारतो, ही चालायला हवी होती का? हवी होती, तर वरची ओळ दुरुस्त करायची. नको होती आणि जुनी उरलेली आहे, तर पुसून टाकायची, जपून ठेवायची असेल तर गिटमध्ये आहेच. दुसऱ्या मशीनसाठी किंवा दुसऱ्या व्हर्जनसाठी आहे, तर हात लावायचा नाही. चाचणी करताना मध्येच रिटर्न टाकून खालचं तात्पुरतं बंद करायची सवय अनेकांना आहे, मलाही आहे, पण संध्याकाळी लॅपटॉप बंद करायच्या आधी ते रिटर्न काढायचं, नाहीतर तेच उद्या घात करतं.

एक मात्र करू नका. "एडिटर डॉट शो अनयूज्ड" नावाची सेटिंग बंद केली की फिका रंग जातो, कोणीतरी व्हिडिओ बघून हा उपाय करतं. त्याने रूळ नाही बदलत, फक्त पाटी काढली जाते. रंग फारच पुसट असल्यामुळे वाचता येत नसेल, आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत खिडकीजवळ बसून स्क्रीन वाचणं तसंही अवघड, तर रंगांच्या सेटिंगमध्ये "एडिटर अननेसेसरी कोड ओपॅसिटी" आहे ती वाढवा, फिकं दिसेल पण वाचता येईल.

पायचार्म वापरत असाल तर तिथेही हीच सूचना येते, "धिस कोड इज अनरीचेबल" अशी. पायलिंट हे कोड तपासायचं टूल चालवलं तर डब्ल्यू ०१०१ या नंबरने येते, अख्ख्या फोल्डरमधलं एकदम शोधायला ते बरं. मायपाय हे टाइप तपासणारं टूल मुळात गप्प असतं, त्याला "वॉर्न अनरीचेबल" हा फ्लॅग द्यावा लागतो. कमांड लाइनवरून पायराईट चालवलं तर तिथे हे फिकं प्रकरण छापलं जात नाही, ते फक्त एडिटरमध्येच दिसतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये "० एरर" आलं म्हणून फिक्या ओळी नाहीत असं समजू नका, फाइल उघडून वरून खाली एकदा नजर फिरवा.

रावेरच्या त्या पोराला मी फोनवर एवढंच म्हणालो, भो, फिकी ओळ सोड, तिच्या वरची वाचून दाखव. त्याने "रिटर्न रक्कम" एवढं वाचलं, दोन सेकंद थांबला, आणि म्हणाला ठेवतो दादा, कळलं.